रकाना अकरा

स्विंडनच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
माझं काम अर्ज वाचायचं.
पंचवीस वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या;
उंट सरकारी, त्यामुळे कधी खाली बसला नाही.

डॉक्टर रोना टॅनॉक यांचा अर्ज मार्चात आला.
सहा वर्षं त्या एका खाडीचं पाणी गाळत होत्या,
गाळणीवर उरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालाचे
जनुक वाचत होत्या अक्षर लावून लावून:
कोणतं विषारी, कोणतं त्याचं गरीब चुलतभावंड.
शोधनिबंध चौदा.
आता मागणी अठ्ठावीस हजार पौंडांची,
'ज्ञानाच्या हस्तांतरासाठी'.

रकाना अकरा: हे ज्ञान कोणाच्या कामी येईल?
उत्तर: 'संबंधित सर्व घटकांच्या.'

अर्ज परत पाठवला.
समासात पेन्सिलीने लिहिलं:
घटकांना हात नसतात. एखादं नाव द्या.

तीन आठवड्यांनी नाव आलं.
एफी मॅकव्हिकार, वय एकसष्ट,
स्कॉटलंडच्या पश्चिमेला, लॉख आर्डेलच्या खाऱ्या पाण्यात
दोरांवर काळे शिंपले वाढवते.

विष एफीला दिसत नाही. कुणालाच दिसत नाही.
पाणी नितळ, शिंपले टपोरे,
ग्लासगोत गिऱ्हाईक खोळंबलेलं,
आणि नमुना शहरात जाऊन उत्तर यायला चार दिवस.
रोनाने तिला एक पेटी नेऊन दिली:
नळ्या, पट्ट्या, सूचनांचं चोपडं.
पाणी घाला, नळी काखेत धरा, वीस मिनिटं थांबा.
एक रेघ आली तर काढा. दोन आल्या तर राहू द्या.

पहिल्याच दिवशी एफीचा फोन.
जनुकांबद्दल तिला काही विचारायचं नव्हतं.
'झाकण उघडत नाही तुझं,' ती म्हणाली.
'जानेवारीत माझी बोटं लाकडाची होतात,
होडी हलते, हात ओले,
आणि तू हे केलंस कोरड्या खोलीत, खुर्चीत बसून.'

नऊ हजार पौंड त्या झाकणात गेले.
ते मोठं झालं, लाल झालं, कडेला खाचा आल्या,
दातांनीही उघडेल असं झालं.
हिशेबनिसांनी मला वर बोलावलं:
यात संशोधन कुठे आहे?
मी खिशातून झाकण लावलेली नळी काढून टेबलावर ठेवली.
तिघांनी उघडून पाहिलं, लावलं, पुन्हा उघडलं.
एकाने ती परत दिलीच नाही.

सप्टेंबरात मी स्वतः गेलो.
एफीचं स्वयंपाकघर, बिलांची चवड,
जुन्या पट्ट्या कॅलेंडरच्या तारखांवर टाचलेल्या.
त्या सकाळी दोन रेघा होत्या,
दुसरी इतकी फिकट की आहे म्हणावं तर नाही.
'फिकट म्हणजे काय समजायचं?' एफीने विचारलं.
रोना बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली.
'मला माहीत नाही,' म्हणाली.

एफी दाराशी गेली.
'तीन दिवस नैऋत्येचा वारा आहे,
बाहेरचं पाणी आत ढकलतोय.
असं झालं की माझा बाप दोर ओढत नसे.'
मग ग्लासगोला फोन: आज नाही.
रोनाने वही काढली. वारा, दिशा, दिवस.
आणि थोडं थांबून, बाप.

फाइलींत हजारदा वाचलेला शब्द, हस्तांतर.
त्यात हात आहे आणि अंतर आहे
हे मला त्या टेबलाशी, गार होत चाललेल्या चहासमोर कळलं.

चार दिवसांनी शहरातून कागद आला:
मर्यादेच्या वर, पण थोडंच.
तोवर एफी तुटलेले दोर सांधायला लागली होती.

अंतिम अहवाल, शेवटचा रकाना:
लाभ झालेल्यांची संख्या.
मी लिहिलं, दोन.
टंकलेखिका कागद घेऊन परत आली,
'साहेब, पुढची शून्यं राहिलीत.'