मूडु

पळताना काही नाही.
टॉवेलचे बावीस गठ्ठे पाठीवर घेऊन
हैदराबाद रोडने गाडी बिनतक्रार जाते.
आसरा चौकात सिग्नलला थांबली, की
गियरचा दांडा दात वाजवायला लागतो,
आरशातल्या एका रिक्षाच्या दोन होतात.

नदाफ मेस्त्री म्हणाला, "बंद करू नका ताई.
थांबल्यावर दुखायलंय, तर थांबलेलीच बघू."

आधी माउंटिंग. टॉमी लावून इंजिन उचललं, रबर शाबूत.
एअर फिल्टर आपटला,
अर्धा अक्कलकोट रोड बाहेर पडला,
थरथर तशीच.
डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला करून
चहाच्या ग्लासात धरलं. पाणी नाही.
हातपंप मारून बघितला. हवा नाही.
मग एका बारक्या स्क्रूवर बोट ठेवून हसला :
"आयडलिंग चढवून ठेवलंय कुणीतरी.
दुखणं काढलं नाही, नुसता आवाज वाढवलाय बघा."
मार्चमध्ये, मोहोळच्या अलीकडे, दीडशे रुपये.
आठवलं मला.

त्याने स्क्रू उतरवला
आणि गाडी आपलं खरं बोलायला लागली :
तीन ठोके, एक खड्डा.
तीन ठोके, एक खड्डा.

नायना तोवर केबिनमध्ये बसून होते.
एकतीस वर्षं यंत्रमागावर. कान तिथंच राहिले.
कारखाना भंगारात गेला तेव्हा
माग किलोवर मोजले,
बाकीचं मोजायला काटा नव्हता.
घरी आम्ही त्यांच्याशी तेलुगूत ओरडतो,
ते मान हलवतात, बहुतेक वेळा चुकीच्या जागी.

ते उतरले. बॉनेटखाली वाकले.
इंजेक्टरच्या नळ्या, एकेक,
दोन बोटांच्या चिमटीत धरून बघितल्या,
ताण्यातला तुटायला आलेला धागा
तुटायच्या आधी बघावा तशा.
"मूडु," म्हणाले.

नदाफ बार्शीचा, इथं येऊन वर्षही नाही झालं.
"मूडच नाही म्हणा की काका हिचा,"
आणि त्याने सतराचा पाना उचलला.
मी काही बोलले नाही.
पाना काय म्हणतो ते ऐकायचं होतं मला.

पहिला नट पाव आटा सैल :
डिझेल फसफसलं, आवाज खाली बसला.
"हा राबायलाय." परत कसला.
दुसरा. बसला. कसला.
तिसरा.
फसफस झाली,
आवाज होता तसाच.
"असला काय, नसला काय,
ज्याच्यानं फरक पडत नाही तोच मेलेला,"
चिंधीला हात पुसत म्हणाला.
मी नायनांकडे बघितलं नाही.

चौथाही त्याने सैल करून बघितलाच.
मेस्त्री चांगला आहे.

"मूडु म्हणजे तीन," मी म्हणाले.

पाना तसाच हातात राहिला.
नदाफने नायनांचा हात धरून उलटा केला,
बोटांची टोकं वाकून न्याहाळली,
तिथं कुठं काटा, आकडे असतील तसा.
नायनांना वाटलं ग्रीस लागलंय,
त्यांनी लेंग्याला पुसून परत दाखवला.

पंपवाल्याकडे कळलं :
नोझल फवारत नव्हतं, टपकत होतं.
नवीन नोझल, तांब्याचा वायसर,
संध्याकाळचे पावणेसात.
चालू इंजिनाच्या बॉनेटवर चहाचा ग्लास.
साय धरली तिच्यावर,
हलली नाही.
नदाफने नायनांचा चहा स्वतः आणून दिला,
माझा मलाच घ्यायला लावला.

आसरा चौक. नव्वद सेकंद.
नायनांची दोन बोटं डॅशबोर्डावर.
"आता?" मी ओरडले.
बोटं उचलली नाहीत त्यांनी.
दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले,
त्यांना ते कुठून ऐकू येणार.
मलाही क्लच सोडायची
एवढी काही घाई नव्हती.