मधले दोन आकडे

शेफिल्डच्या वॉकली भागात, चर्चच्या हॉलमध्ये,
महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी
मी एका घडीच्या टेबलामागे बसतो.
पाटीवर माझं आडनाव: शिकलगार.
इथं त्याचा अर्थ कुणाला लागत नाही,
दुकानाचं नाव असावं असं वाटतं त्यांना.

लोक आणतात टॉवेलात गुंडाळून, बिस्किटांच्या डब्यातून,
एकाने तर लोकरीच्या मोज्यात घालून आणला.
"जर्मन आहे," म्हणतात, आवाज उतरवून.
मी आधी पात्याची पाठ बघतो.
मुकुट, त्याखाली डब्ल्यू, त्याखाली सोळा:
म्हणजे कैसर, म्हणजे एकोणीसशे सोळा,
म्हणजे कुणा तपासनिसाने ठोकून पास केलेला.
मग मुठीजवळ कारखान्याचं नाव. बहुतेकदा झोलिंगेन,
या शहराचा जुना वैरी.
नावच नसेल, नुसती तीन बारकी अक्षरं असतील,
तर दुसरं युद्ध; तोवर कारखान्यांनीही
तोंड लपवायला घेतलं होतं.
गरुड बघतो. खोटा गरुड फार रेखीव असतो.
खरा घाईत मारलेला, एक पंख अर्धवट.
शेवटी म्यान. त्यावरचा नंबर पात्याशी जुळला
तर मी चष्मा काढून पुसतो.
सहसा जुळत नाही. ढिगातून हाताला येईल ते पातं,
येईल ते म्यान.
असे कितीतरी संसार टिकलेत.

ग्लेनिस ओल्डरॉइड शेवटून दुसरी.
"वडिलांचा. नॉर्मंडीत एका जर्मनाकडून काढून घेतला.
हे बारा बघा, त्याच्या तुकडीचा नंबर."
वडील विल्फ्रेड, नीपसेंडला चाकावर
चाळीस वर्षं कात्र्या घासलेले.
ख्रिसमसला, दोन ग्लासांनंतर,
भिंतीवरून काढून दाखवायचे. मुलांनी हात लावायचा नाही.

हिरवट प्लास्टिकची मूठ.
मी भिंग लावलं. आकड्यांची लांब ओळ,
चार आकड्यांनंतर बारा.

बारा म्हणजे तुकडी नव्हे. बारा म्हणजे जर्मनी,
नाटोच्या वहीत. आणि ती वही
युद्ध संपून काही वर्षांनी उघडली.

सांगावं का?
आमच्या घरात एक होतं: गिऱ्हाईकाशी घासाघीस करा,
पाण्याशी खोटं बोलू नका.
पाणी म्हणजे पोलादाला पाजलेलं.
सांगितलं.

ती बराच वेळ कोटाचं बटण फिरवत राहिली.
"सदुसष्टला बोखुमला गेले होते," म्हणाली,
"आमचं जोडशहर. कारागिरांची सहल होती.
आल्यावर महिनाभर धड बोलले नाहीत."

म्यानाच्या पट्ट्यामागे पिवळी पडलेली चिकटपट्टी.
नखाने उचलली. खाली एक फेनिग,
तांबूस, ओकच्या पानांचा.

शेफिल्डात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक:
सुरी भेट द्यायची तर सोबत नाणं चिकटवायचं,
घेणाऱ्याने ते तिथल्या तिथे परत करायचं,
म्हणजे व्यवहार झाला, दोस्ती कापली गेली नाही.
नाणं इथंच होतं.

"विसरले असतील," मी म्हटलं.
"बाबा? आणि नाणं?"
ती हसायला लागली आणि मध्येच थांबली.

मी किमतीवर आलो. पस्तीस पौंड, फार तर चाळीस,
पण धार लावू नका, जमवणाऱ्यांना आहे तसं लागतं,
एक घासा आणि निम्मी किंमत गेली.
(हे सांगताना माझेच हात शिवशिवतात, दर वेळी.)

"लावा धार," ती म्हणाली.
"टोमॅटोची सुतळी कापायला होईल."

दगड ओला केला. पातं कुरकुरलं, मग बोलू लागलं.
मघाशी गप्पा मारणारे दोघे-तिघे जमवणारे
मान फिरवून उभे राहिले, कुणी मेल्यासारखे.

माझ्या वहीत रकाने आहेत.
बनावट: झोलिंगेन, बहुधा. काळ: साठीचं दशक.
कुठून आला: भेट.
कुणाकडून, ते कोरं ठेवलं.

तिने सुरी टॉवेलात गुंडाळली.
फेनिग पर्समध्ये टाकला नाही, सुट्ट्या पैशांत मिसळेल म्हणून;
हातमोज्याच्या आत, तळव्याशी धरला
आणि पंच्याण्णव नंबरची बस पकडायला निघाली.