इतिवृत्त

विषय क्रमांक चार :
धक्क्याजवळचं स्वच्छतागृह हिवाळ्यात बंद ठेवणे.
असं मी लिहिलं. लिहिणं माझं काम.
पोर्थगारन नगरसभेची अर्धवेळ कारकून मी,
आठवड्याला अकरा तास,
पेन आपलं आपण आणायचं.

चॅपेलच्या मागच्या खोलीत एकोणीस माणसं.
हीटर एकच, तो अध्यक्षांच्या पायाशी.
बाहेर वारा असा की
दार कुणी उघडलं तर आधी कागद उठून उभे राहत
आणि मग माणसं.

इफोर म्हणाले, नळ, दिवे, झाडलोट धरून
वर्षाला सात हजार पौंड.
आणि ऑक्टोबर सरला की गावात असतं कोण?

(सभेने खर्चाचा आढावा घेतला.)

असतं कोण, ते पोस्टमन सांगेल.
समुद्रासमोरच्या ओळीत बेचाळीस घरं,
संध्याकाळी दिवा लागतो नऊ घरांत.
बाकीच्यांच्या दाराशी चार आकड्यांची किल्लीपेटी,
खिडकीत लाकडाचा पांढरा बगळा,
एका पायावर,
जूनची वाट बघत.

मग टेगवेन उठली.
गमबूट दाराबाहेर काढून आली होती,
मोज्यांतून एक अंगठा बाहेर.
चिखलाचा वास तिच्याआधी बोलला.

"समुद्र काही नगरसभेला विचारून ओसरत नाही.
सुकती कधी पहाटे चारला, कधी भर दुपारी.
दोन मैल चिखल तुडवून जातो आम्ही खुब्यांना,
सहा बाया आणि गेथिनचा पोरगा.
परत येतो तेव्हा बोटं अशी झालेली असतात
की आपल्याच पँटचं बटण आपल्याला ओळखत नाही.
पोराला भिंत आहे.
आम्ही कुठे जायचं?"

मागे कुणीतरी हसलं
आणि मग आपण एकटेच हसलो हे त्याला कळलं.

(नागरिकांनी आपले म्हणणे मांडले.)

सौ. हॅल्डेन चांगली बाई.
शहरातून मुद्दाम सभेसाठी आलेली,
तीन तास गाडी चालवत.
म्हणाली, माझं घर मार्चपर्यंत रिकामंच असतं.
आकडे देते, माझं बाथरूम वापरा. खरंच सांगते.

खरंच सांगत होती.
म्हणून तर खोलीत सगळ्यांना
आपापल्या चपला, बूट, नखं दिसायला लागली.

टेगवेन म्हणाली, "तुमच्या त्या बाथरूमच्या जागी
आमची भट्टी होती. खुबे उकडायचो.
वास येतो का हो अजून?"

सौ. हॅल्डेन जरा थांबली.
"दमट हवेत येतो.
दोनदा प्लंबर बोलावला."

तेव्हा जे हसू फुटलं
त्यात त्या दोघीही होत्या,
इफोरही, हीटरवर पाय ठेवून.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं मला सुचेना.

मतदान : बंदच्या बाजूने पाच, विरोधात चार.
(ठराव मंजूर.
कुलूप आणण्याची जबाबदारी : कारकून.)

कुलूप मी दुसऱ्याच दिवशी आणलं.
पितळी आहे, खाऱ्या हवेतलं,
दुकानदार म्हणाला दहा वर्षं गंजणार नाही.
बरोबरच असणार.
माझ्या पिशवीत, पाकिटात, तीन महिने झाले,
गंजाचा ठिपका नाही.

दर सभेला इफोर चष्म्यावरून बघतात.
कुलुपाचं काय?
मी लिहिते : कार्यवाही सुरू आहे.
तेही सही करतात.
त्यांची बहीण त्या सहांतली एक, हे इथे लिहायचं कारण नाही.

कधी सकाळी माझ्या पायरीवर
ओली पिशवी असते, गाठ मारलेली,
आत खुबे, अजून थुंकत असलेले.
अधिकाऱ्याने भेटवस्तू घेण्याबाबत नियम आहे,
बहुतेक सतरावा.
बघायला हवा.

पाणी उकळेपर्यंत बघेन म्हणते
आणि पाणी उकळतं.