मोतीझीलचं रजिस्टर

एकतीस वर्षं मी मोतीझीलच्या फिल्टरवर होतो.
तिघऱ्याचं पाणी यायचं, पावसाळ्यात चहाच्या रंगाचं,
मग तुरटी, वाळू, क्लोरीन,
आणि पहाटे लष्करात नळ सुटायचे.
अजून गल्लीत कुणी भेटलं की विचारतं,
काका, नल कब आएंगे?

जानेवारीत धुकं होतं. खोकला झाला.
खोकलाच तो, आमच्या घरात कोण मोजतं.
ताप चढला तेव्हा प्रमिलानं काढा केला,
दाल बाजारातल्या केमिस्टनं
अंगदुखीच्या गोळ्या दिल्या, दिवसाला तीन.
पाणी नकोसं वाटायचं. नाही प्यायलो.
पाण्यात जन्म काढलेला माणूस.

आठव्या दिवशी छाती मोकळी झाली.
पोहे मागून खाल्ले.
नवव्या दिवशी चपलेत पाय मावेना.

तोमर डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीवर
दोन घेवडे काढले. म्हणाल्या,
व्हायरस आला नाकातून,
पण भांडण साऱ्या अंगात झालं.
त्यात दाब पडला, वरून गोळ्यांनी वाट आवळली,
गाळणारे दोघं रक्तावाचून राहिले.
मी विचारलं, मतलब, बेड चोक हो गया?
त्यांना वाटलं मी खाटेबद्दल बोलतोय.

प्रमिलानं बाटलीवर टिकल्या चिकटवल्यात :
इथवर सकाळ, इथवर दुपार, हे औषधापुरतं.
सातशे मिलीलिटर.
अर्ध्या लष्कराला पाणी पाजलं मी,
आणि बर्फाचा एक खडा
गालात धरून बसतो, विरघळू नये म्हणून
जीभसुद्धा हलवत नाही.

चारदा मशीनवर झालं.
शेजारी भिंडचा भदौरिया, पोरगाच, मोबाईलवर मॅच बघतो.
मी नळ्या बघतो. रक्त जातं, धुऊन येतं.
वाळू आम्ही रात्री दोनला धुवायचो,
उलटं पाणी सोडून,
गाव झोपलेलं असताना. कुणाला पत्ता नसायचा.

जुन्या सवयीनं रजिस्टर घातलंय.
तारीख, वेळ, आवक, जावक.
सोमवार, जावक साठ.
मंगळवार, साठ.
बुधवारी ऐंशी; प्रमिला म्हणाली, चष्मा लावून बघा.
शुक्रवारी दोनशे दहा.
रंग फिका, दिवाळीच्या सुमाराच्या तिघऱ्यासारखा.
शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला.
ऑपरेटर शेरा मारत नाही, ते साहेबांचं काम.
खाली सही केली.

बाहेर नळ आले होते.
प्रमिला बादल्या लावत होती,
एक भरली की दुसरी,
आणि मला ऐकू येऊ नये म्हणून
नळाच्या तोंडाला तिनं फडकं बांधलं होतं.