उरलेलं मोरचूद

बल्ब लागायचा होता, एवढंच ठरलं होतं.
छाटणीनंतरच्या फवारणीतलं उरलेलं मूठभर मोरचूद,
लोणच्याची रिकामी बरणी, गरम पाणी,
रेडिओतले दोन सेल
आणि जिनदत्तदादाची खात्री.
तारा बुडवल्या.
बल्ब काही लागला नाही.
"सेलच मेल्यात," दादा म्हणाला,
आणि बरणी गेली फडताळावर,
बेदाण्याच्या डब्यामागं.

दिवाळी झाली. सावळजात थंडी उतरली,
घड बघायला दलाल येऊन गेला.
एका रविवारी वहिनी डबा काढायला स्टुलावर चढली
आणि वरूनच ओरडली,
"आगं बाई, ह्यात कायतर ऱ्हायला आलंय!"

तारेला बांधलेल्या दोऱ्याच्या टोकाशी
एक निळा खडा.
बोटाच्या पेराएवढा,
कडा अशा, की सोनारानं घडणावळ मागावी.
कुणी पैलू पाडले नव्हते.
कुणी बघतसुद्धा नव्हतं.
दादानं कंपासपेटीतला कोनमापक शोधला,
या बाजूचा कोन, समोरच्या बाजूचा,
दोनदा मोजला. तोच.
मग गप्प बसला.
शाळा सोडल्यापासून
त्याला असं गप्प मी पाहिलं नव्हतं.

खडा टीव्हीशेजारी राहिला.
उन्हाळ्यात पांढुरका पडू लागला,
कडेनं पीठ सुटलं.
"पाणी होतं त्यात. उडालं."
खड्यात पाणी असतं हे
टँकरची वाट बघणाऱ्या आम्हाला
कुणी सांगितलंच नव्हतं.

वहिनीनं त्या पिठावर एक थेंब टाकून बघितला.
निळा आला.
कोन नाही आला.

दादानं पुन्हा पाणी तापत ठेवलं.
बल्बचं नाव
या वेळी कुणी काढलं नाही.