नियंत्रण गट

आचऱ्याला, हिर्लेवाडीच्या वाळूत
प्लास्टिकची खुर्ची रोवून मी कोन मोजत होते.
हात बाजूनं वर. दुखेल तिथं थांबा.
साठ. पंच्याहत्तर.
एकाचे तर चाळीसलाच दात आवळलेले.
चौतीस माणसं, रापणीच्या दोन दोरांवरची.

शून्य ते दहा, किती दुखतं?
धाकोजी जुवाटकर म्हणाले,
"ता बांगड्यार आसा.
बांगडो गावलो तर काय नाय,
रापण रिकामी इली तर माका इचारूच नको."
मी सात लिहिलं.

रात्री कुठल्या कुशीवर झोपता?
याला सगळेच हसले.
"बायल खयच्या बाजूक निजता, ताच इचारतंस ना गो?"

मिरजेहून सरांनी बंद पाकिटं दिली होती.
सतरा जणांना हिरवा रबरी पट्टा, दिवसातून तीनदा ताणायचा;
सतरा जणांना नुसता छापील कागद.
हा नियंत्रण गट. त्यांना काही शिकवायचं नाही,
म्हणजे फरक कळेल.

सहाव्या आठवड्यात गेले
तर पट्टे माडांना बांधलेले,
कुठे कमरेशी, कुठे छातीशी,
आणि जाळं पाण्यात असेतो
कागदवाले पट्टेवाल्यांच्या मागे
नंबर लावून उभे.
एका पट्ट्यानं कुणी वल्हं आवळलं होतं,
तोही सोडून आणलेला.
जेरोम फर्नांडिस, क्रमांक अकरा, नियंत्रण,
मलाच दाखवू लागला:
कोपार बरगडेक चिकटय, खांदो कानाकडे नेव नको.
माझंच वाक्य. त्याच्या तोंडी जास्त बरं वाटत होतं.

सर फोनवर म्हणाले, गट फुटले, आकडे गेले.
गेले खरे.
दोन्ही रकान्यांत सारखीच सुधारणा,
म्हणजे शास्त्राच्या हिशेबी काहीच नाही.

त्यांना कशाला शिकवलंत, मी धाकोजींना विचारलं,
जरा रागानंच.
"एक दोर जोरात नि दुसरो हळू,
तर जाळा वाकडा येता.
मगे मासो खंय जाता, म्हायत आसा?"
आणि हात लांब करून
त्यांनी पार खाडीच्या तोंडापर्यंतचं पाणी दाखवलं.

सवयीनं मी कोन पाहिला.
शंभर. एकशे दहासुद्धा असेल.
लिहिला नाही.
त्या दिवशी बांगडा लागला होता,
तो आकडा धरता येत नाही.