गुण्यात नसलेलं

एकही खिडकी दुसरीच्या मापाची नाही.
दोन मिसेस अ‍ॅक्रॉइडच्या स्वयंपाकघरातल्या,
एक पाडलेल्या शाळेची. तिच्यावर अजून
अर्धा डायनासोर, खरवडूनही न निघालेला.
फटींत पुठ्ठा, सिलिकॉन आणि माझी योगाची चटई.
गुण्यात काहीच नाही, पण उभं आहे,
हडर्सफील्डच्या वाऱ्यात जरा करकरत.

आत केळ, अननसाचा एक रुसलेला शेंडा,
आणि टपालाने आलेल्या बीचं ते रोप,
ज्याचं नाव आम्हा दोघांनाही उच्चारता येत नाही.

जानेवारीत एका रात्री दोनला हीटर विझला.
बाहेर उणे सहा.
मी माडीवरून पाहिलं: टॉर्च हिंडत होता,
प्रत्येक काचेत वेगळा, तिरका.
खाली गेले, तर आमची दुलई केळीला गुंडाळलेली
आणि हेरंब लोकरी टोपीत, थर्मामीटरपुढे,
निकालाच्या फळ्यापुढे उभं राहावं तसा.
"तीन पॉइंट आठ," म्हणाला.

भांडायचं होतं मला, दुलईवरून तरी.
त्याऐवजी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं,
धरून नेलं, झाकण काढून ठेवलं मधोमध.
वाफ चढली. काचा एकेक करून आंधळ्या झाल्या,
शाळेची सगळ्यात शेवटी.

"चार पॉइंट एक."